अकरा लिंबं, अकरा आणे

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेतसारा या विषयावर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझ्याइतकं नेमकं बोलणारा दुसरा माणूस तुम्हाला सापडणार नाही. ही बढाई नव्हे, हे मोजमाप आहे! मी न मोजता काही बोलत नाही. सकाळचं दूधसुद्धा मी मापून पितो.

मी चिंतामण. मुंबईच्या कॉलेजात रसायन आणि पदार्थविज्ञान शिकलो, युनिव्हर्सिटीची परीक्षा पास झालो, आणि मोरोपंत मामांच्या ओळखीनं अमरावतीत एका कापसाच्या अडत्याकडे हिशेबनीस लागलो. लोक म्हणाले, एवढं शिकून वह्या लिहिणार? पण ते दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्या कापसाविना उपाशी, आणि आमच्या वऱ्हाडात कापसाचा भाव रोज सकाळी उठून एकेक पायरी चढत होता. ज्याच्या बैलांच्या गळ्यात कवड्या होत्या, त्याच्या बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले. माणसांची अक्कल मात्र पूर्वीच्याच भावात राहिली. म्हणून माझ्यासारख्याची गरज!

सामान्य माणसाचं साऱ्याच्या बाबतीत नेमकं काय चुकतं, याचा मी बारकाईनं अभ्यास केला आहे. तो भरायच्या दिवशी जागा होतो! सारा ठरतो तेव्हा हा घोरत असतो, आणि वसुलीच्या वेळी पटवाऱ्याशी भांडतो. पटवारी काय करणार? आकडा तर आधीच ठरलेला! बरं, भरल्यावर पावती घेतो, ती पागोट्यात खोचतो, आणि पागोटं धुवायला टाकतो. तक्रारीचा अर्ज करायचा तर साध्या कागदावर करतो. साध्या कागदावरचा अर्ज म्हणजे बिनबैलांची गाडी. दिसते झकास, पण जागची हलत नाही! अर्जाला शिक्क्याचाच कागद हवा. हे मी शंभर लोकांना शंभर वेळा सांगितलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या वर्षी सरकारनं जमिनीची नवी मोजणी काढली होती. आधी साखळीनं वावर मोजायचं, मग खड्डे खणून माती पाहायची आणि तिची प्रत ठरवायची. खोल, काळी, निर्दोष जमीन म्हणजे सोळा आणे. मातीत वाळू निघाली, उतार निघाला, चुनखडी निघाली, की प्रत्येक दोषागणिक आणे खाली. जितके आणे, तितका सारा. आणि एकदा ठरला की तीस वर्षं बदल नाही! तीस वर्षं!

एके दिवशी आमच्या अडतीवर बोरखेडचे खुशालराव आले. बोरखेड अमरावतीहून चार कोस. खुशालरावांचं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे चोवीस एकराचं काळंभोर वावर, आणि धुऱ्याच्या पलीकडे जानरावांचं, तेही चोवीस एकर. या दोघांची चढाओढ अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. जानरावांनी अमरावतीहून भिंतीवरचं घड्याळ नेलं, तर खुशालरावांनी तीन नेली! तिन्ही घड्याळांत तीन वेगवेगळ्या वेळा असत. त्यामुळे त्या घरात ज्याला जी वेळ हवी ती मिळे.

"पंत," खुशालराव म्हणाले, "थे सरकारी लोक वावराची परत लावून राहिले म्हनते. तुमी तं लय शिकले. सारा काही कमी होते का?"

"शास्त्रानं होईल."

"पूजा घालाव लागते का?"

"पूजा नाही. लिंबं लागतील."

खुशालरावांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "किती?"

आता हे शास्त्र तुम्हालाही सांगतो. चुनखडीवर आंबट पडलं की फसफस होते, फेस येतो. साध्या मातीवर काही होत नाही. डोळ्यांना चुनखडीचा बारीक कण दिसत नाही, पण लिंबाला दिसतो! प्रत लावणारा कारकून घाईत असतो. काळी माती पाहिली की सोळा आणे लिहून मोकळा. त्याला फेस दाखवायचा, की झालं!

सोमवारी मी बोरखेडला गेलो. खुशालरावांच्या घरधनीण पार्बताबाईंनी टोपलीभर लिंबं काढून दिली. मी मोजली. पंचवीस. वावराचे मी सारखे अकरा भाग पाडले, प्रत्येकात एक खड्डा खणवला, आणि भर दुपारी एकेका खड्ड्यात उतरून एकेक लिंबू पिळू लागलो. अकरांपैकी आठ खड्ड्यांत अशी सुरेख फसफस झाली म्हणून सांगू! मी आनंदानं प्रत्येक खड्ड्यात ओरडत होतो, "आला! आला!"

वर पाहतो तो धुऱ्यावर जानराव उभे. डोळे कवठाएवढे.

"कोन आला, पंत?"

"फेस!"

"लिंबू पिळून राहिले?"

"हो. वावर तपासतो आहे."

"आज अमुशाले?"

"आज अमावास्या आहे का?" मी विचारलं. पंचांग पाहण्याची मला सवय नाही. जानराव मागच्या मागे चार पावलं गेले आणि मग वळून असे पळाले की त्यांचा एक जोडा संध्याकाळपर्यंत धुऱ्यावरच पडून होता.

दुसऱ्या दिवशी प्रत लावणारे कारकून आले. वामनराव त्यांचं नाव, साताऱ्याकडचे गृहस्थ. ऊन, धूळ आणि वऱ्हाडी तिखट या तिन्हींनी गांजलेले. मी त्यांना खड्ड्यांत नेलं आणि कालच्या फोडींचा उरलेला रस पिळून फेस दाखवला.

"अहो, हे तर उघड चुनखड आहे!" ते म्हणाले. "बरं झालं दाखवलंत, नाहीतर मी सोळा लिहून गेलो असतो. बरं, एखादं लिंबू सरबताला उरलंय का?"

सगळ्या खड्ड्यांची सरासरी काढून त्यांनी अकरा आणे लिहिले. मी माझ्या वहीत ताडून पाहिलं. बरोबर अकरा!

घरी येऊन मी खुशालरावांना हिशेब समजावला. ते 'हो हो' करत अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि एका घड्याळाला किल्ली देत होते. लक्ष होतं ते दाराआड.

"पंतजी," पार्बताबाईंनी आतूनच विचारलं, "सोळ्याचे अकरा झाले तं वर्साचे किती वाचते?"

"एकरी दोन रुपये कमाल दर. चोवीस एकरांचे अठ्ठेचाळीस झाले असते, आता तेहेतीस. वर्षाला पंधरा वाचले."

"अन् तीस वर्साचे?"

"साडेचारशे."

"साडेचारशे," त्या एकदाच म्हणाल्या, आणि आत भांडी वाजू लागली. मला वाटलं, बाईंना काही कळलं नाही.

पंधरा दिवसांनी बोरखेडच्या चावडीवर प्रतींच्या याद्या वाचल्या जाणार होत्या. मी मुद्दाम गेलो. कौतुक करून घ्यायला माणसानं वेळेवर हजर असावं, असं माझं मत आहे. वामनराव एकेक नाव वाचत होते.

"जानराव... चौदा आणे. खुशालराव... अकरा आणे."

मी हसतमुखानं खुशालरावांकडे वळलो. त्यांचा चेहरा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा झाला होता.

"अकरा!" जानराव उठून उभेच राहिले. "आयकलं का लोकहो? धुरा एक, पानी एक, अन् वावर अकरा आने! म्या म्हनलं होतं का नाई, आमच्या धुऱ्याच्या तिकडची माती काही खरी नाई म्हून!"

चावडी हसली. खुशालरावांनी माझा दंड धरला आणि मला पारामागे नेलं.

"पंत, तुमी माह्या वावराले नाव ठेवलं!"

"मी तुमचा सारा कमी केला!"

"साऱ्याले कोन रडून राहिलं! पंधरा रुपयाचे तं मी पान खातो! माह्या आज्यापासून हे वावर सोळा आने हाय. आता सरकारनं लिवून ठेवलं अकरा. अन् तेबी तीस वर्सं! तुमीच सांगतलं न, तीस वर्सं बदलत नाई म्हून?"

"सांगितलं."

"मंग मी तीस वर्सं अकरा आन्याचा मानूस!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "जमुनाचं कसं करू, पंत?"

जमुना त्यांची एकुलती एक लेक. नांदगाव खंडेश्वरच्या महादेवरावांच्या मुलाशी तिचं जवळजवळ ठरलेलं होतं. आता पंधरा दिवसांनी महादेवराव सुपारी फोडायला येणार होते. पोरगा चांगला, घर चांगलं, आणि जमुनानं त्याला खंडेश्वराच्या जत्रेत पाहिलेलं. ती तेव्हापासून भाकरीत मीठ दोनदा घालत होती.

"महादेवराव मोठे ताठ. अकरा आन्याच्या घरची पोरगी ते करतीन का? तुमच्यापाई पोरीचं लगन मोडलं तं मी तुमाले सोडनार नाई, सांगून ठेवतो!"

खरं सांगतो, त्या क्षणी माझा आत्मविश्वास तसूभरही कमी झाला नाही. मी मनात म्हटलं, शास्त्रानं जे उतरवता येतं ते शास्त्रानं चढवताही येतं.

पण दरम्यान गावानं आपलं शास्त्र काढलं होतं. विहिरीवर, पारावर, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच गोष्ट. पंतानं अमावास्येला वावरात अकरा लिंबं पिळली, म्हणून वावर अकरा आण्यांवर आलं! नऊ पिळली असती तर नऊवर! मी रस्त्यानं जाताना बाया लेकरं पदराआड घेऊ लागल्या. एक म्हातारा मला अंधाऱ्या बोळात गाठून म्हणाला, "पंत, माह्या भावाच्या वावरात अर्धं लिंबू पिळता का? लय नको. अर्धंच."

मी ठरवलं, अज्ञान जागच्या जागी दूर करायचं. चावडीपुढे लोक जमवले. ताटलीत चुनखडीचा खडा ठेवला. "लोकहो, पाहा. यात मंत्र नाही, तंत्र नाही. हे नुसतं लिंबू, हा नुसता दगड." आणि लिंबू पिळलं.

खडा फसफसला.

मागची रांग पळाली! पुढची रांग पळाली नाही, कारण तिला मागून वाट मिळाली नाही. ती जागच्या जागी हात जोडून उभी राहिली. त्या दिवसापासून माझी कीर्ती अशी पसरली की अकोल्याच्या बाजारात म्हणे लिंबाचा भाव कापसाच्या भावाच्या पाठीला लागला!

संध्याकाळी खुशालरावांनी ओसरीवर सोळा नारळ मांडून ठेवले होते.

"हे काय?"

"अकरा लिंबानं उतरलं. आता सोळा नारळानं चढवा."

"नारळांनी नाही चढत. अर्जानं चढेल."

"मंग अर्ज लिवा. नारळबी असू द्या. सरकारचं काही सांगता येत नाई."

अर्जाला आठ दिवसांची मुदत होती. मी वामनरावांना भेटलो. ते बिचारे ताकात भाकरी कुस्करून खात होते, कारण गावात दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"सारा वाढवा म्हणून अर्ज?" त्यांचा घास हातातच राहिला. "चिंतामणराव, सहा वर्षं झाली मला या नोकरीत. सारा कमी करा म्हणून लोक माझ्या पाया पडलेत, माझ्या अंगावर धावून आलेत, एकानं तर माझं घोडं लपवून ठेवलं. वाढवा म्हणणारा पहिलाच! हा अर्ज मी कोणत्या सदरात घालू?"

"तक्रारीच्या."

"तक्रार काय?"

"सारा कमी बसला, ही."

वामनरावांनी ताकाचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "तुम्ही ऊन टाळत जा."

मी अमरावतीला जाऊन शिक्क्याचा कागद आणायला निघालो, तर वाटेत जानराव गाडी आडवी घालून उभे.

"पंत, खुशालचे सोळा होनार म्हनते?"

"अर्ज करतो आहोत."

"त्याचे सोळा अन् माह्ये चौदा? हे कोन्त्या गावचं शास्त्र? माह्याबी अर्ज लिवा. सोळा आने! जमलं तं सतरा!"

"सतरा आणे नसतात, जानराव. रुपयाचे आणेच सोळा."

"साहेबाले इचारून तं पाहा. वरचा एक आना मी रोख देतो!"

"जानराव, सारा वाढेल. वर्षाला सहा रुपये. तीस वर्षांचे एकशे ऐंशी."

"त्याच्यावानी मलेबी हिशेबानं भेव दाखवता का? लिवा!"

मी शिक्क्याचे दोन कागद आणले. जानरावांचा अर्ज त्यांच्या घरी लिहून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत असा धरला, जणू घरात मुलगा जन्मला आहे. मग खुशालरावांच्या ओसरीवर बसलो. आधी साध्या कागदावर कच्चा मसुदा केला. आता त्यात लिहायचं काय? चुनखडी आहे हे तर मीच सिद्ध केलं होतं! मग मी असं मांडलं, की चुनखडी असली तरी या जागी ती ओल धरून ठेवते, मुळांना पोसते, म्हणून तो दोष नसून गुण मानावा. युक्तिवाद इतका बिनतोड झाला की तीन आठवड्यांपूर्वीच्या चिंतामणचा मला रागच आला. असा कसा हा मनुष्य घाई करतो!

मग शिक्क्याच्या कागदावर सुवाच्य अक्षरात अर्ज उतरवला. दोन्ही कागदांवर खुशालरावांची निशाणी घेतली, कारण मसुद्यावरही निशाणी असलेली बरी, हा माझा नियम. शाई वाळायला दोन्ही कागद कोनाड्यात ठेवले आणि जेवायला बसलो. माजघरात जमुना तिखट कुटत होती, पार्बताबाई बरण्या पुसत होत्या, आणि मी दर घासाला एक शिंक देत होतो.

जेवण होतं न होतं तोच एका घड्याळानं पाचाचे टोले दिले. अर्ज घेण्याची वेळ पाचपर्यंतच! मी हात तसाच उपरण्याला पुसत उठलो.

"हे घ्या, पंतजी." पार्बताबाईंनी कागद स्वच्छ फडक्यात बांधून तयार ठेवला होता. "वल्ले हात लागतीन म्हून बांधला. उघडू नका बाप्पा, धूळ बसन."

मी धावत चावडीवर गेलो आणि फडकं तसंच वामनरावांच्या दप्तरात सरकवलं. नंतर कळलं, तेव्हा तीनच वाजले होते.

आठवड्यानं गावाबाहेरच्या आमराईत मोजणीच्या साहेबाचा तंबू पडला. त्यानं म्हणे खुशालराव आणि जानरावांच्या धुऱ्यावर उभं राहून स्वतः खड्डे पाहिले. निकाल चावडीवर वाचायचा होता. सगळं बोरखेड लोटलं. जानराव डफडं घेऊनच आले होते, वाजवणाऱ्यांसकट. पेढ्यांची परात झाकून बाजूला.

आणि निकाल वाचायला वामनराव उभे राहतात न राहतात तोच नांदगावची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, चावडीपुढे येऊन थांबली. आतून महादेवराव उतरले! उंच, मिशा पांढऱ्या, हातात चांदीच्या मुठीची काठी. दोन दिवस लवकर आले होते.

"घरी कोनी नोतं, म्हून इकडे आलो," ते म्हणाले. "काय चालू हाय?"

खुशालरावांनी त्यांना राम राम घातला आणि माझा पंचा मागून असा ओढला की मी अर्धा खाली बसलो. "पंत! लवकर सोळा म्हनाले सांगा त्याले! लवकर!"

वामनराव वाचू लागले. "जानराव. अर्ज मंजूर. चुनखड नाही. चौदाचे सोळा आणे कायम."

डफडं कडाडलं! पेढे फिरले. जानरावांनी एक पेढा स्वतःच्या हातानं महादेवरावांच्या तोंडात घातला. "सोळा आने! पाहुने, सोळा!"

"खुशालराव," वामनरावांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अर्ज साध्या कागदावर आहे. दाखल करता येत नाही. मुदत संपली. अकरा आणे कायम."

साध्या कागदावर! मी शिक्क्याच्या कागदावर लिहिलं होतं! मी! शंभर लोकांना शंभर वेळा सांगणारा मी! मी बोटांवर मोजू लागलो, दोन कागद आणले, एक जानरावांना, एक... खुशालराव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत जमुनाचं लग्न होतं आणि माझा अंत होता.

"अकरा?" महादेवरावांनी पेढा गिळला. "काळ्या वावराचे अकरा?"

खुशालरावांनी मान खाली घातली. "हो जी, पाहुने. नशीब."

"अन् या पेढेवाल्याचं वावर कोठी हाय?"

"लागूनच हाय जी. धुरा एक."

"एकर किती?"

"दोघायचेबी चोवीस."

महादेवरावांनी काठी बगलेत धरली आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले. अर्धं गाव त्यांचा अंगठा पाहत होतं. "म्हंजे याले तेहेतीस, अन् त्याले अठ्ठेचाळीस. सारख्याच वावराले! तीस वर्सं!" ते खुशालरावांपुढे जाऊन उभे राहिले. "खुशालराव, म्या नांदगावात लय खटपट करून माह्यं वावर बारा आन्यात बसवलं. बावीस खड्डे दाखवले त्या कारकुनाले! पंचक्रोशी मले हुशार म्हनते. अन् तुमी माह्याहूनबी एक आना पुढे? कसं केलं, बाप्पा?"

खुशालरावांनी मान वर केली. ती वर करायला त्यांना जितका वेळ लागला, तेवढ्यात त्यांचं मत बदललं होतं.

"करून घेतलं!" ते छाती काढून म्हणाले. "ऐऱ्यागैऱ्याचं काम नाई ते. शास्त्र लागते. लिंबू लागते!"

"मले याच घरची पोरगी पायजे," महादेवराव म्हणाले. "पैसा आजकाल कोनाजवळबी हाय. हिशेब कोठी हाय? अन् थे सारा वाढवून पेढे वाटनारं मानूस, थे काय वेडं-बिडं हाय का?"

डफडेवाला हात वर धरून उभा होता. त्यानं जानरावांना विचारलं, "मालक, वाजवू का बंद करू?"

जानराव माझ्याजवळ आले, मला बाजूला घेतलं, आणि इकडे तिकडे पाहून कानाशी लागले.

"पंत, सोळ्याचे चौदा कराले किती लिंबं लागतीन?"

"मुदत संपली, जानराव. तीस वर्षांनी या."

त्या दिवशीच सुपारी फुटली. जमुनानं त्या दिवसापासून मीठ एकदाच घालायला सुरुवात केली. खुशालरावांनी मला शेजारी बसवून घेतलं, व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे पंत. आमच्या सांगन्यावरून त्यायनं अकरा केले." माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. शिक्क्याचा कागद गेला कुठे? वस्तू नाहीशी होत नाही, हे मी कॉलेजात शिकलो आहे. तिचं रूप बदलतं, जागा बदलते, पण ती असते!

ती होती. पार्बताबाई लोणचं वाढायला आल्या. उरलेल्या लिंबांचं लोणचं. बरणीच्या तोंडाला जाड कागद, वर सुतळीचे तीन वेढे. कागदाच्या कडेला सरकारी शिक्का, आणि त्याखाली माझं सुवाच्य अक्षर: '...तरी सदर जमिनीची प्रत सोळा आणे करण्यात यावी.'

"पार्बताबाई!" मी बरणीकडे बोट दाखवलं. "हा कागद..."

"जाड होता जी. बरनीले चांगला बसला."

"अहो, हा शिक्क्याचा कागद! अर्ज होता हा!"

"मले काय वाचता येते का, पंतजी?" त्यांनी सुतळी सोडली, कागद जपून उलटा ठेवला, आणि माझ्या पानात लिंबाची एक मोठी फोड वाढली. मग खुशालराव व्याह्यांशी बोलण्यात गुंग आहेत असं पाहून हळूच म्हणाल्या,

"साडेचारशे रुपयाचं लोनचं हाय. सावकाश खा."

मी सावकाश खाल्लं.

तर सांगायचं असं, की सुरुवातीला जे मोजमाप सांगितलं ते मी मागे घेत नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत शेतसाऱ्यावर माझ्याइतकं नेमकं बोलणारा दुसरा माणूस नाही. फक्त मोजताना मी ओसरीवरची माणसं मोजली होती. दाराआडची राहून गेली!